वाकळ आणि भाकरी : अल्पभूधारक कुटुंबाचे दैनंदिन जीवन आणि ग्रामीण साहित्याचे वाचन

ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कथेत चूल पेटली, भाकरी थापली गेली, ओसरीवर वाकळ अंथरली गेली, की 'लेखकाने ग्रामीण वातावरण समर्थपणे उभे केले आहे' असे म्हणून समीक्षक पुढे जातो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हेच विधान थोड्याफार फरकाने आढळते. या शब्दप्रयोगामागे एक गृहीतक आहे. कथानक, व्यक्तिरेखा आणि संघर्ष हे साहित्यकृतीचे सार. घरातील वस्तू आणि रोजची कामे ही केवळ तिची पार्श्वभूमी, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी वाकळ (किंवा गोधडी) शिवणे आणि भाकरी करणे ही अल्पभूधारक शेतकरी कुटुंबातील दोन नित्याची कामे निवडली आहेत. ही कामे प्रत्यक्षात कशी होतात हे ठाऊक नसेल, तर ग्रामीण साहित्यातील संघर्षच वाचकाच्या नजरेतून निसटतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. 'लहान शेत' म्हणजे काय?

शासकीय परिभाषेत एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा शेतकरी अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर जमीन असणारा अल्पभूधारक मानला जातो. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरपर्यंत खाली आले. साहित्याच्या अभ्यासकाने हे आकडे दृष्टीआड करू नयेत. बापाच्या शेताच्या वाटण्या झाल्या की चुली वेगळ्या होतात. 'चूल वेगळी मांडणे' हा मराठीतील विभक्त होण्याचा वाक्प्रचार मालमत्तेच्या विभागणीची गोष्ट स्वयंपाकाच्या भाषेत सांगतो. जमीन, धान्य आणि चूल यांचा संबंध भाषेने आधीच नोंदवून ठेवला आहे. समीक्षेने तो वाचावयाचा आहे.

अशा घरात दोन प्रश्न वर्षभर सोबत असतात : धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरेल काय, आणि पांघरूण सर्वांना पुरेल काय? 'पुरणे' आणि 'पुरवणे' ही क्रियापदे या जीवनाच्या केंद्रस्थानी आहेत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आज आपण काटकसरीचा सर्वसाधारण उपदेश म्हणून वापरतो. परंतु एका वाकळेखाली तीन-चार मुले निजत असतील, त्या घरात ही म्हण शब्दशः खरी असते.

२. भाकरीचे तंत्र

भाकरी हा साधा पदार्थ आहे असे न करणाऱ्यालाच वाटते. गव्हाच्या पिठाला जसा चिकटपणा असतो तसा ज्वारी-बाजरीच्या पिठाला नसतो. म्हणून कणीक एकदम भिजवून ठेवता येत नाही; एका भाकरीपुरते पीठ काठवटीत घेऊन ते तळहाताने मळावे लागते. पीठ जुने झाले की त्याची 'विरी' जाते. भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी गरम पाणी घालून पिठाला चिकटपणा आणला जातो. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिला पाण्याचा हात फिरवतात, पाणी सुकू लागताच ती उलटतात आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून शेकतात. नीट शेकलेली भाकरी फुगते व तिला पापुद्रा सुटतो.

या तपशिलांतून कथात्म साहित्यातील कितीतरी जागा उलगडतात. भाकरी फाटत असेल, तर तो सुनेच्या हाताचा दोष आहे की पिठाचा? सासूने दोष हाताला द्यावा आणि खरे कारण कणगीतील जुन्या, संपत आलेल्या धान्यात असावे, हा एक पूर्ण नाट्यप्रसंग आहे. तंत्र ठाऊक नसलेला वाचक त्यात फक्त सासुरवास पाहील. तंत्र जाणणाऱ्या वाचकाला त्यामागची टंचाईही दिसेल.

धान्याचा प्रकारही असाच बोलका असतो. देशावरील कोरडवाहू भागात रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरली जाते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते, बाजरी खरिपाची. घरात नवी ज्वारी येण्याआधीचे महिने ओढीचे असतात. हुलग्याचे माडगे, आंबील, घुगऱ्या हे पदार्थ आज हौसेने केले जातात; मुळात त्यांतील काहींचा संबंध भाकरीचे पीठ वाचविण्याशी आहे. १९७२ च्या दुष्काळात 'मिलो' या नावाने परिचित झालेली आयात केलेली तांबडी ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी या दोन शब्दांनी एका पिढीच्या स्मरणात घर केले. त्या काळाविषयीच्या लेखनात 'तांबडी भाकरी' असा उल्लेख आला, तर तो रंगाचा तपशील नसून इतिहासाचा दाखला आहे.

३. वाकळेचे तंत्र

भाकरीत धान्याचा प्रवास संपतो, वाकळेत कापडाचा. दक्षिण महाराष्ट्रात 'वाकळ' आणि अन्यत्र बहुधा 'गोधडी' या नावाने ओळखले जाणारे हे पांघरूण घरातील जुनेरांतून तयार होते. येथे एक सूचना आवश्यक वाटते. 'घोंगडी' आणि 'गोधडी' या शब्दांची विद्यार्थी अनेकदा गल्लत करतात. घोंगडी लोकरीची, विणलेली, मेंढपाळ समाजाच्या परंपरागत कौशल्यातून आलेली वस्तू आहे. 'बनगरवाडी'सारख्या धनगरांच्या जीवनावरील कादंबरीच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा ठरतो. गोधडी सुती, घरच्या जुन्या कापडाची आणि घरच्या बायकांनी शिवलेली असते.

लुगड्याचा आयुष्यक्रम पाहण्यासारखा आहे. नवे असताना ते सणासुदीला नेसले जाते. रंग उतरला की रोजच्या वापरात, विरले की शेतात. फाटल्यावर दंड घालून ते आणखी काही काळ चालते. त्यानंतर त्यातील धड भाग वाकळेच्या वरच्या किंवा खालच्या थराला जातो, विरलेले तुकडे मधल्या थरांत जातात आणि अगदीच निकामी झालेल्या चिंधीचे पोतेरे होते. मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे नव्या बाळाला मिळते. शिळी भाकरीही याच न्यायाने कुस्करून फोडणीला टाकली जाते व उरलीसुरली गोठ्यात जाते. काहीही 'टाकून देणे' या व्यवस्थेत बसत नाही.

वाकळ शिवण्याचा हंगाम प्रामुख्याने उन्हाळ्याचा. सुगी आटोपलेली, पेरणी दूर, दिवस मोठा आणि जमीन कोरडी. सारवलेल्या अंगणात किंवा देवळाच्या ओसरीवर तळाचे कापड ताणून पसरतात, त्यावर तुकड्यांचे थर लावतात, वरचे कापड घालून कडा दुमडतात. मग जाड सुईने धावदोऱ्याचे टाके घालत बहुधा काठाकडून मध्याकडे सरकतात. टाके जितके जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. थर सरकू नयेत म्हणून दोन-चार जणींनी चार बाजूंनी बसणे सोयीचे असते. त्यामुळे हे काम शेजारणींना एकत्र आणते. पुढे नवरात्रापूर्वीच्या साफसफाईत साऱ्या वाकळा नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुतल्या जातात. वाकळेचे वर्षही शेताच्या वर्षाला असे जोडलेले आहे.

४. श्रम आणि शब्द

या कामांतून निर्माण झालेले वाङ्मय हा आपल्या अभ्यासाचा खास विषय. जात्यावरील ओवीला सुदैवाने संग्राहक लाभले. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', डॉ. सरोजिनी बाबर यांचे लोकसाहित्यविषयक कार्य आणि हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या प्रकल्पातून जमा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या ही या क्षेत्रातील ठळक उदाहरणे होत. जात्याची एकसारखी फेर धरणारी गती ओवीच्या लयीला आधार देते. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बाईच्या खांद्यावरचा भार हलका झाला, पण ओवीचा पहाटेचा प्रसंगही संपला. या बदलाबद्दल केवळ हळहळणे न्याय्य नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला गिरणी नको होती, असे आपण तिच्या वतीने म्हणू शकत नाही.

वाकळेभोवतीचे बोलणे गाण्यापेक्षा गप्पांच्या जवळचे. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, ते कोणत्या लग्नात घेतले, ते नेसणारी आज आहे की नाही, हे सुई चालू असताना बोलले जाते. अशा वेळी वाकळ ही घराची वंशावळच ठरते. आणि ती बहुधा बायकांच्या बाजूने सांगितली जाते. या बोलण्याला ठरावीक छंद नसल्यामुळे ते संग्राहकाच्या वहीत सहज उतरले नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांसमोरचे हे अपुरे राहिलेले काम आहे.

कापड आणि अक्षर यांचे नाते मराठीला परके नाही. दासोपंतांनी 'पंचीकरण' पासोडीवर लिहिले. गाडगेबाबांची (१८७६-१९५६) लोकांनी दिलेली नावे तर याच दोन वस्तूंवरून आली : खाण्याच्या गाडग्यावरून 'गाडगेबाबा' आणि अंगावरच्या चिंध्यांवरून 'गोधडेबुवा'. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी चुलीपासून 'घरोटा'पर्यंत, म्हणजे जात्यापर्यंत, घरातील श्रमसाधनांना कवितेचे विषय केले. त्या कविता काम करताना तोंडी रचल्या गेल्या आणि १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. त्यांच्या काव्यातील प्रतिमांना 'साध्या, घरगुती' म्हणून गौरविणारी समीक्षा नकळत त्यांना कमी लेखते. हातात तवा धरणाऱ्या व्यक्तीला तव्याच्या चटक्यातून जीवनविषयक विधान सुचते, तेव्हा ती प्रतिमा अलंकार नसून अनुभवातून काढलेला निष्कर्ष असतो.

५. कोणाचे कापड, कोणाचे धान्य?

येथपर्यंतचे विवेचन वाचून स्वयंपूर्ण, समाधानी शेतकरी घराचे एक गोड चित्र मनात उभे राहण्याचा धोका आहे. तो टाळला पाहिजे. आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) दुसऱ्याची जमीन कसणारे मोठे कुटुंब आहे आणि तेथे भूक ही शिक्षणाच्या आड येणारी प्रत्यक्ष शक्ती आहे. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त (१९७१) शिवण हा गंगाराम शिंप्याचा उदरनिर्वाह आहे, आणि त्याच्या कुटुंबाची वाताहत आपल्याला पार्वतीच्या तोंडून कळते. एकच सुई एका घरात फावल्या वेळेची सोबतीण आणि दुसऱ्या घरात पोटाचे साधन असते.

दलित आत्मकथनांनी तर हा प्रश्न अधिक मूलगामी केला. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचताना लक्षात येते, की ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्या घरी भाकरी ही मागून आणलेली आणि कापड हे दुसऱ्याने टाकलेले असू शकते. शेतकऱ्याच्या घरात जी वाकळ आजीची आठवण असते, ती गावकुसाबाहेर अवहेलनेचीही आठवण असू शकते. उर्मिला पवार यांनी आईच्या विणकामाची वस्तू आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकस्थानी आणली ('आयदान', २००३). हाताचे काम आणि लेखन यांचा संबंध तेथे लेखिकेने स्वतःच जोडला आहे. त्यासाठी समीक्षकाची वाट पाहिली नाही.

६. समारोप

आज गावोगावी गॅस आला, तरी अनेक घरांत चूलही टिकून आहे. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतल्यामुळे वाकळेचे कापड निसरडे झाले. ते घाम शोषत नाही. शहरांत यंत्रावर शिवलेल्या गोधड्या विकत मिळतात. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांनी वाकळ पांघरलेली असते, पण शिवताना पाहिलेली नसते. 'कोरड्यास', 'विरी', 'दंड', 'जुनेर' हे शब्द त्यांना कोशात पाहावे लागतात. म्हणून अध्यापकाची जबाबदारी वाढते. शब्दार्थ सांगून ती संपत नाही. त्या शब्दामागची क्रिया, तिचा हंगाम आणि ती करणारा हात दाखविणे आवश्यक असते.

ग्रामीण किंवा दलित साहित्यकृती शिकविताना पुढील प्रश्न विचारून पाहावेत. या घरातले धान्य कोठून आले आणि ते किती दिवस पुरणार आहे? भाकरी कोण करते, आणि शेवटी कोण जेवते? पांघरुणाचे कापड कोणाच्या अंगावरचे आहे? शिवणारीला वेळ केव्हा मिळाला? हे प्रश्न लावले, की ज्यास आपण 'वातावरण' म्हणत होतो तेथेच कथानकाची बीजे सापडू लागतात. स्वयंपाक करणारी आणि वाकळ शिवणारी बाई आपल्या साहित्यात पानोपानी आहे. तिचे काम वाचायला शिकणे, हे तिला वाचण्याचे पहिले पाऊल होय.