चालत्या घरातली धूळ

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे अम्मींना घेऊन धाकट्या भावाकडे अमेरिकेत गेलो होतो. तो टेक्सासमध्ये राहतो. त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घरच. झोपायची खोली, ओटा, न्हाणीघर, सगळे एका गाडीत. त्याच गाडीतून आम्ही न्यू मेक्सिको ओलांडून अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅन्यन पाहायला निघालो.

त्या भागातली माती लाल आणि पिठासारखी बारीक. बुटाला चिकटून ती आत येते आणि गालिच्यात बसते. अम्मींना दम्याचा जुना त्रास. शिवाय त्या गालिच्यावरच जानमाज अंथरायची. त्यामुळे रोज सफाई हवीच. झाडू मारावा तर धूळ उडते. पण या गाडीत त्याची सोय केलेली होती. व्हॅक्यूमचे यंत्र बाहेरच्या बाजूला, मागच्या सामानाच्या कप्प्यात. तिथून एक नळी फरशीखालून पुढपर्यंत गेलेली. भिंतीत दोन तोंडे, एक मागे झोपायच्या खोलीत आणि एक पुढे बैठकीत. तोंडात लवचीक पाइप खोचला की मोटर आपोआप सुरू होते. शिवाय ओट्याच्या खाली, पायाजवळ एक फट आहे. पायाने तिची पट्टी सरकवायची आणि केर तिच्यापुढे लोटायचा, फट तो गिळून टाकते.

तिसऱ्या दिवशी बैठकीतला पाइप धूळ ओढेना. मोटर दहा मिनिटे चालली आणि बंद पडली. त्या रात्री अम्मींना दोनदा इनहेलर घ्यावा लागला. भावाने एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. गाडी न पाहताच तो म्हणाला, "मोटर गेली, नवी बसवावी लागेल." भाव ऐकून भाऊ गप्प झाला.

आम्ही पडलो मास्तर माणसे. मुलाचे गणित चुकले की आम्ही उत्तरापासून सुरुवात करत नाही, पहिल्या पायरीपासून करतो. इथेही तेच करायचे ठरवले.

पहिली पायरी विजेची. तिथे घरातली वीज १२० व्होल्टची. आमच्या मुक्कामाच्या खांबावर ३० अँपिअरची जोडणी होती, म्हणजे एकूण ३६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि व्हॅक्यूम एकदम लावले तर मुख्य बटण पडणारच. पण बटण पडलेले नव्हते. एसी बंद करून अर्ध्या तासाने पाइप खोचला, तर मोटर पुन्हा चालू! म्हणजे ती गेलेली नव्हती, तापून थांबत होती. या यंत्रात जी हवा धूळ ओढते तीच मोटरला थंड करते. हवेची वाट कुठेतरी अडली की ओढ कमी होते आणि मोटरही तापते. दोन दुखणी, मूळ एकच.

दुसरी पायरी पिशवीची. अम्मींना बाहेर सावलीत खुर्ची दिली, वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येईल अशी. वीज बंद केली, तोंडाला रुमाल बांधला आणि यंत्रातली पिशवी काढली. ती भरलेली होती, पण उचलताच आत काहीतरी खुळखुळले. पिशवी फाडली तर लाल धुळीत काळे मणी. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मी दोन दिवसांपासून आपली तस्बीह शोधत होत्या.

आम्ही काही बोललो नाही. नवी पिशवी घातली, फिल्टर झटकला. तरी पुढच्या तोंडाला ओढ नाहीच. मग तिसरी पायरी, नळीचे तुकडे पाडून पाहणे. लवचीक पाइप उभा धरून त्यात एक गोटी सोडली. ती खालून टपकन पडली, म्हणजे पाइप मोकळा. मागच्या खोलीतल्या तोंडाला पाइप लावला, ओढ जोरदार. म्हणजे यंत्रापासून तिथपर्यंत रस्ता साफ. बिघाड मागची खोली आणि बैठक यांच्या मध्येच कुठेतरी. पण मध्ये म्हणजे नेमका कुठे? फरशी उचकटायची काय?

आमची नऊ वर्षांची पुतणी सकाळपासून दूर दूर राहत होती. तिला जवळ बसवले आणि म्हटले, "बेटा, आम्हाला कोणाला रागवायचे नाही. दादींना श्वास नीट घेता यावा एवढेच हवे आहे. तुला काही माहीत आहे का?"

तिचे डोळे भरले. "बडे अब्बू, तस्बीह माझ्या हातून तुटली. मी घाबरले. सगळे मणी पायाने त्या फटीत लोटले. माझी केसांची पिनही गेली."

बस, जागा सापडली. मणी सुटे होते, ते वाहत पिशवीत आले. पिन मात्र फटीनंतरच्या वळणात आडवी अडकली असणार. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांकडून साधा व्हॅक्यूम मागून आणला. यंत्राकडचे नळीचे टोक सोडवले, मागचे तोंड बंद ठेवले आणि बैठकीतल्या तोंडाला तो व्हॅक्यूम लावून उलट बाजूने ओढले. मधूनमधून तळव्याने पायाजवळची फट झाकली, सोडली, पुन्हा झाकली. तिसऱ्या खेपेला आत खडखड झाली आणि पिन बाहेर आली. तिला तस्बीहचा दोरा, फुंदा, केस आणि भाताची शिते, सगळे गुंडाळलेले. तार घालून ढोसले असते तर नळी फाटली असती किंवा बोळा आणखी आत गेला असता.

जोडाजोड करून पाइप लावला. त्याने अशी ओढ घेतली की गालिच्याची कडच उचलली गेली. अर्धा तास चालवला, मोटर थांबली नाही.

पुतणी मणी धुऊन वाटीत घेऊन दादींपुढे उभी राहिली. अम्मींनी मणी मोजले. सात कमी होते. त्या म्हणाल्या, "असू दे. तुटलेले ओवता येते. लपवलेले कसे ओवणार? ये, दोरा धर."

दुरुस्तीचा क्रम आम्ही भावाला वहीत लिहून दिला: आधी वीज, मग पिशवी आणि फिल्टर, मग पाइप, मग भिंतीतली तोंडे एकेक करून, आणि मोटरवर संशय सर्वांत शेवटी. यंत्र उघडण्याआधी वीज बंद. दम्याचा माणूस घरात असेल तर पिशवी बाहेरच बदलायची.

वही परत घेऊन भावाने खाली एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली: "सुरुवात करण्याआधी मुलांना विचारणे, पण आवाज न चढवता."