दुरुस्तीनंतर तापणारें इंजिन

पुष्कळ बागाइतदारांच्या दारीं आतां जीप किंवा मालवाहू गाडी उभी असते. तिचा रेडिएटर, पाण्याचा पंप अथवा हेड-गास्केट नवें बसवून आणल्यावर चारदोन कोस जातांच उष्णतेचा कांटा चढूं लागतो, आणि मिस्त्रीनें काम बिघडविलें असें समजून मालक पुन्हां इंजिन खोलविण्यास निघतो. तसें करण्यापूर्वीं पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या, अशी आमची सूचना आहे.

दुरुस्तीच्या वेळीं इंजिनांतील पाणी काढावें लागतें, व पुन्हां भरतांना आंत हवा कोंडून राहते. जेथें हवा अडकली तेथें पाणी फिरत नाहीं. याची खूण गाडीचा हीटरच देतो. त्यांत इंजिनाचेंच ऊन पाणी खेळतें. म्हणून कांटा वर चढला असून हीटर गार वारा टाकीत असेल, तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे, असें बहुधा समजावें.

उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण निवल्यावर गाडीचें तोंड चढावर करून चाकांस दगड लावावे. झांकण काढून हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवावा, इंजिन मंद चालवावें, व बुडबुडे निघतील तसतसें योग्य तें कूलंट भरीत जावें. हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तोही सैल करावा. थर्मोस्टॅट साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो. मग रेडिएटरची वरची नळी ऊन लागते. नळी थंडच राहिली व कांटा चढत गेला, तर थर्मोस्टॅट अडकला किंवा उलटा बसला असावा. गाडी उभी असतां इंजिन तापत असेल व चालतां निवत असेल, तर पंखा पाहावा. झांकणाची रबरी चकती झिजली असल्यास दाब राहत नाहीं व पाणी लवकर उकळतें. बुडबुडे थांबतच नसतील किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर मात्र गास्केट अथवा हेड सदोष असण्याचा संभव मोठा. तेव्हां मिस्त्रीकडेच जावें.

तापलेल्या इंजिनाचें झांकण कधींही उघडूं नये. दाबाखालील वाफ व पाणी अंगावर उसळतें. काढलेलें कूलंट गोठ्याजवळ ओतूं नये. त्यांत बहुधा असणारें एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, परंतु जनावरांस प्राणघातक असतें.

कांटा तांबड्या खुणेस पोंचतांच गाडी थांबवून इंजिन बंद करावें. बाजार हुकला तर एका दिवसाचें नुकसान. गाडी तशीच दामटल्यास हेड वांकतें, व मालाचे आलेले पैसे दुरुस्तींत जातात.