‘सिम्स फोर’ची बाजू घेताना

आमच्या घरी गेल्या दिवाळीत भांडण झाले. वाटणीवरून नाही, राजकारणावरूनही नाही, एका कॉम्प्युटर गेमवरून. पुण्याहून भाचा आला होता. माझ्या लॅपटॉपवर ‘द सिम्स फोर’ उघडलेला पाहून म्हणाला, “मावशी, तू अजून हा खेळतेस? याच्यापेक्षा थ्री कितीतरी चांगला होता. फोर म्हणजे नुसता सांगाडा.” तो एकटाच असे म्हणत नाही. गेली अकरा वर्षे जगभर हेच म्हणणारे लाखो आहेत. त्यांचे बरेचसे म्हणणे मला मान्य आहे, तरीही मी या खेळाच्या बाजूने लिहायला बसले आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. सिम्स म्हणजे कॉम्प्युटरवरची भातुकली. यात हरणे-जिंकणे नाही, गोळीबार नाही. माणसे घडवायची, त्यांना स्वभाव द्यायचे, घर बांधायचे, भांडीकुंडी आणायची आणि मग त्यांचा संसार बघायचा. ती भुकेजतात, दमतात, नोकरीला जातात, भांडतात, म्हातारी होतात. बोलतात ती भाषा कुणाचीच नाही, त्यामुळे ग्वाल्हेरात काय आणि ग्लासगोत काय, सगळ्यांना सारखीच कळते.

याचा जनक विल राइट. १९९१ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मोठी आग लागली, तीत त्याचे घर जळाले. संसार पुन्हा उभा करताना कुठली वस्तू आपल्याला खरेच लागते, कुठली कशासाठी लागते, याचा तो विचार करत राहिला आणि त्यातून हा खेळ सुचला. पहिला सिम्स ४ फेब्रुवारी २००० रोजी आला. सप्टेंबर २००४ मध्ये दुसरा आला, त्यात पिढ्या आल्या आणि आठवणी आल्या. जून २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्यात अख्खे गाव आले. चौथा आला २ सप्टेंबर २०१४ रोजी, आणि त्या दिवसापासून दोन तट पडले.

राग कशाचा होता? एक तर खेळ अर्धवट होता. पोहण्याचा तलाव नव्हता. भुते नव्हती. सगळ्यांत वाईट म्हणजे रांगणारी, दुडूदुडू चालणारी मुलेच नव्हती. तान्हे बाळ पाळण्याला चिकटलेले, आणि मग एकदम शाळेत जाण्याएवढे मोठे! ज्या खेळाचा विषयच संसार, त्यात लहान मूल नाही, हे कुणाला पटेल? भुते आणि तलाव त्याच वर्षाअखेर आले, पण छोटी मुले यायला जानेवारी २०१७ उजाडला. रांगणारी बाळे तर मार्च २०२३ मध्ये आली. हे सगळे फुकट मिळाले खरे, पण आधी का नव्हते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. फूलबागेत संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना ती लगेच कळेल. गोपाळ मंदिरात दर्शन घ्यावे, मोती मशिदीवरून पुढे यावे, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज पाहत चौपाटीवर जाऊन टिक्की खावी. वाटेत तुम्हाला कुणी अडवत नाही. सिम्स थ्री असा होता. माणूस घरातून निघाला की थेट बाजारात, तिथून नदीवर, आणि त्याच वेळी शेजाऱ्यांचे संसार आपापले चाललेले. कोण लग्न करत आहे, कोण गाव सोडत आहे, हे आपल्याला न विचारता घडायचे. सिम्स फोरमध्ये रस्त्यावर हिंडता येते, पण दुसऱ्याच्या फाटकातून आत जायचे तर नाटकातला अंक संपावा तसा पडदा पडतो. थांबा. मग आत. फूलबागेत प्रत्येक फाटकाशी असे थांबावे लागले तर आपण फिरायला जाणेच सोडू. त्यात थ्रीमधले रंगांचे चक्रही गेले. तिथे कुठल्याही वस्तूला हवा तो रंग, हवी ती नक्षी देता यायची, इथे ठरावीक रंगांतून निवडायचे. मोठ्या माणसांचे स्वभावगुण पाचावरून तीनवर आले.

भाच्याने हे सगळे एका दमात ऐकवले. मी ऐकून घेतले. पण एक गोष्ट तो विसरतो. त्या मोकळ्या गावाचे ओझे साध्या कॉम्प्युटरला पेलत नसे. थ्री चालवताना आमचे जुने मशीन पंख्यासारखे घोंघावायचे, आणि दोन पिढ्या झाल्या की खेळ गोगलगाय व्हायचा. फोर माझ्या साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतो. बारीकशी गोष्ट वाटेल, पण खेळ कुणाच्या घरी पोहोचतो आणि कुणाच्या नाही, हे त्यावरच ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ तर फुकट आहे.

माझे म्हणणे असे की थ्री हा गावाचा खेळ होता आणि फोर घराचा आहे. गाव गेले हे खरे, पण घराच्या आत जे आले ते आधीच्या कुठल्याच भागात इतके नव्हते.

आपल्या घरात माणसे एका वेळी एकच काम कधी करतात? भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलणे, जेवता जेवता मुलाला ओरडणे, टीव्ही बघता बघता फोन. आधीच्या भागांत माणसे बरीचशी रांगेत उभ्या असलेल्या कामांसारखी वागत, हे झाले की ते. फोरमधली माणसे स्वयंपाक करता करता गप्पा मारतात, तिसरा येऊन त्यांत सामील होतो, चौथा ताट घेऊन उठून जातो. आणि त्यांना मन असते. उदास माणूस आणि उत्साहात असलेला माणूस एकच चित्र वेगवेगळे काढतो, आणि उदासपणी काढलेले चित्र भिंतीवर लावले तर खोलीत येणाऱ्यालाही थोडे उदास करते. रागावलेला माणूस रागाने मरू शकतो, लाजिरवाणा प्रसंग फारच झाला तर लाजेने मरू शकतो. हसून हसून मेलो, असे आपण म्हणतो ना, तेही इथे अक्षरशः होते. माझ्या एका काकांसारखा माणूस मी बनवला होता. तो खराच असा गेला, आणि मला हसावे की रडावे कळेना.

पण मी या खेळाची बाजू घेते ती मुख्यतः आत्यामुळे.

आमचा वाडा लष्करात दाणाओळीत होता. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी घराणी इकडे आली त्यांतल्या अनेकांसारखाच, फार मोठा नाही, फार लहान नाही. मी दोन वर्षांची असताना तो विकला गेला. आता तिथे दुकाने आहेत. माझ्याकडे त्याचा एकच फोटो आहे, तोही मुंजीतला. त्यात वाडा कमी आणि पाहुणेच जास्त दिसतात. आत्या आता ऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. तो तिचे माहेर. मागच्या पावसाळ्यात तिचे गुडघे फार दुखत होते, बाहेर पडणे बंद होते, म्हणून एक दिवस मी लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगावर बसले आणि म्हटले, “आत्या, सांग. दिंडी दरवाजा कुठे होता?”

तीन आठवडे आम्ही वाडा बांधला.

इथे फोरचा मोठा गुण कळतो. यात खोली भिंतीभिंतीने नव्हे, आख्खी खोली म्हणून धरता येते. उचलायची, सरकवायची, फिरवायची, आतल्या सामानासकट. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतून घर बांधायचे तर दुसरा उपायच नाही. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, देवघर माजघराच्या डावीकडे. चौथ्या दिवशी रात्री तिला आठवले की देवघरात सकाळचे ऊन येत असे, म्हणजे ते उजवीकडेच. मी समई, पाट, सगळ्यासकट देवघर उचलले आणि पलीकडे ठेवले. थ्रीमध्ये भिंती पाडून पुन्हा बांधाव्या लागल्या असत्या, आणि दुसऱ्यांदा मी कंटाळले असते. समई आणि पाट म्हणजे अर्थातच तिथले दिवे आणि बैठी चौरंगासारखी टेबले. खरी वस्तू मिळत नाही तिथे जवळची वापरावी लागते.

ओटा आणि ओसरी मात्र जमली. २०२०च्या अखेरीस जमिनीचा एखादा भाग हातभर उंच करण्याची सोय आली. त्याआधी अख्खे घर एकाच पातळीवर असे, म्हणजे ओट्याशिवाय वाडा! त्याच डिसेंबरात कातडीच्या शंभराहून जास्त नव्या छटा आल्या. २०१४ सालच्या सावळ्या रंगांवर राख फासल्यासारखी दिसायची. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली तेव्हा कुठे हे सुधारले. आत्याचा गव्हाळ रंग मला त्या यादीत सापडला. साडी आणि कुर्ते आधीच, २०१६ साली शहराच्या संचाबरोबर आले होते. नऊवारी नाही. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून केलेला कपड्यांचा एक छोटा संच २०२१ मध्ये निघाला, पण तो आत्याच्या उपयोगाचा नाही. चौकात तुळस लावली. खेळात ती परदेशी बेझिल आहे, म्हणजे तुळशीची चुलत बहीण, आणि तिचे काम पानात पडणे. आत्याला हे मी सांगितलेले नाही.

मग आले माणसांचे. वाड्यात चौदा माणसे होती. सिम्सच्या एका कुटुंबात आठच बसतात, पहिल्या भागापासून आजपर्यंत. या खेळावर माझा खरा राग आहे तो इथे. पडदा पडो, रंग कमी असोत, पण एकत्र कुटुंबाला जागाच नाही? आठजणांची यादी करताना आत्याने आजीला घेतले, आजोबांना घेतले, भावंडांना घेतले आणि आठवा नंबर कुणाला द्यायचा यावर अडली. एक विधवा काकू होत्या, ज्यांच्याबद्दल मी कधी ऐकलेही नव्हते. दुपारभर विचार करून तिने त्यांना घेतले आणि स्वतःला वगळले.

उरलेल्यांचे काय, हा प्रश्न तिनेच सोडवला. “अगं, पुढच्या बाजूला भाडेकरू होते ना! तिघे होते. ते कुठे आहेत?”

डिसेंबर २०२३ मध्ये ‘फॉर रेंट’ नावाचा संच आला. त्यात एकाच आवारात सहापर्यंत बिऱ्हाडे करता येतात, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, चौक सगळ्यांचा. मालक तिथेच राहतो, भाडे घेतो, नळ दुरुस्त करतो, भाडेकरू कुरकुरतात. सिम्स टूमध्ये २००८ साली सदनिका होत्या, पण आपल्या हाताने बांधलेल्या घराची अशी बिऱ्हाडे पाडणे इतके सोपे नव्हते. परदेशी लोकांनी तो संच पाहून म्हटले, चाळ्या बांधण्याचा खेळ आहे. मी पाहिले आणि म्हटले, हा वाडा आहे. निघाला तेव्हा त्यात खूप दोष होते, लोकांचे जपून ठेवलेले खेळ बिघडल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून मीही बरेच दिवस घेतला नव्हता. आता चौदाच्या चौदा माणसे आत आहेत, एक घर आणि तीन बिऱ्हाडे मिळून. आत्या भाडेकरूंच्या बिऱ्हाडात आहे. ती म्हणते, “लहानपणी मी तिथेच पडीक असायचे.”

खर्चाचे बोलायलाच हवे. मूळ खेळ फुकट असला तरी हे संच विकत घ्यावे लागतात, आणि मोठ्या संचाला दोन-तीन हजार मोजावे लागतात. सगळे घ्यायचे म्हटले तर त्या पैशात दारात दुचाकी येईल. एकेक करून, सवलत लागेल तेव्हाच घ्यावे. मी चारच घेतले आहेत. त्यांतला एक ऋतूंचा, २०१८चा, कारण त्यात स्वतःचे सण दिनदर्शिकेत घालता येतात आणि त्या दिवशी घराने काय करायचे तेही ठरवता येते. आमच्या वाड्यात भाद्रपदात आता दहा दिवस गर्दी असते.

भाचा दिवाळीत आला तेव्हा वाडा पुरा झाला होता. थ्रीचे गुणगान संपल्यावर मी त्याला तो दाखवला. फोरमध्ये बांधलेले घर खेळातल्याच ‘गॅलरी’त ठेवता येते आणि कुणीही ते आपल्याकडे उतरवून घेऊ शकतो. आता दाणाओळीतला वाडा पुण्यात आहे, इंदूरला आहे, आणि न्यू जर्सीत चुलतभावाच्या मुलीकडेही आहे, फक्त तिच्याकडे तो संच नसल्यामुळे भाडेकरू दिसत नाहीत. भाच्याने मत बदलले असे नाही. “मावशी, पण दाराबाहेर दाणाओळी नाही ना,” म्हणाला. नाही, ते खरेच आहे. दाराबाहेर समुद्रकिनारा आहे आणि नारळाची झाडे.

विहिरीचे तेवढे अजून राहिले आहे. २०१६च्या बागेच्या एका छोट्या संचात विहीर आहे, पण ती इच्छापूर्तीची, नाणे टाकून मागणे मागण्याची. मी ती चौकाच्या मागे ठेवली आणि आत्याला दाखवली. तिने चष्मा वर करून बराच वेळ बघितले.

“हिच्यात बादली पडते का गं?”

“नाही.”

“मग गळ नसेलच.”