करार गोंदा ते ससुराल गेंदा

लग्नाच्या आदल्या रात्रीचा संगीताचा कार्यक्रम पुण्यात असो, नागपुरात असो की न्यू जर्सीत. नवरीच्या मैत्रिणी आणि वहिन्या एकत्र नाचायला उभ्या राहिल्या की ‘ससुराल गेंदा फूल’ हमखास लागतं. 2009 च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘दिल्ली-6’ या चित्रपटातलं हे गाणं. संगीत ए. आर. रहमान यांचं, शब्द प्रसून जोशी यांचे, मुख्य आवाज रेखा भारद्वाज यांचा. पडद्यावर सिनेमा फार टिकला नाही, गाणं मात्र टिकलं. त्यासाठी रेखा भारद्वाज यांना 2010 मध्ये फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार कविता सेठ यांच्यासोबत विभागून मिळाला. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांत घडणाऱ्या कथेत ते इतकं चपखल बसलं की ते तिथलंच आहे, असं ऐकणारे धरून चालले.

ते दिल्लीचं नाही. ते छत्तीसगडचं आहे आणि सिनेमाच्या कितीतरी आधीपासून रायपूरकरांच्या ओठांवर होतं.

सत्तरच्या दशकात रायपूरच्या ‘जोशी बहनें’ हे गाणं गात. 1963 मध्ये आकाशवाणीचं रायपूर केंद्र सुरू झालं आणि छत्तीसगढी गाण्यांना घराघरांत जाण्याची वाट मिळाली. तोवर जे गाणं एका गावच्या मांडवापुरतं, एका रात्रीच्या नाचापुरतं होतं, ते आता शंभर गावांत एकाच वेळी ऐकू जाऊ लागलं. आज साठी-सत्तरीत असलेल्या रायपूरकरांना ‘करार गोंदा फूल’ म्हटलं की बाकीचं गाणं सांगावं लागत नाही. गोंदा म्हणजे आपला झेंडू.

मूळ गाणं आणि सिनेमातलं गाणं शेजारी-शेजारी ठेवून पाहावं, मजा तिथे आहे. मूळ गाण्यातली सून सांगते, की सासू शिव्या देते, नणंद तोंड चालवते, नवराही रागावतो आणि शेजाऱ्यांना सगळं कळतं. पुढे केळीच्या बागेत मुक्काम टाकायची गोष्ट निघते, गाडीत बसून एक व्यापारी येतो, ताटात आरती घेऊन त्याला ओवाळायची भाषा होते. गावागणिक शब्द थोडे इकडे-तिकडे होतात, पण माणसं हीच. प्रसून जोशी यांनी पहिल्या कडव्याचा सांगाडा जसाच्या तसा उचलला आणि आतली माणसं बदलली. रागावणारा नवरा छेड काढणारा झाला. दिराच्या वाट्याला समजूत घालण्याचं काम आलं. गाडीतून गावात येणारा तो व्यापारी परदेशी निघालेला नवरा झाला. आणि ध्रुवपदातल्या ‘करार’च्या जागी ‘ससुराल’ आलं. सुनेची कुचंबणा हसत-हसत सांगणारं गाणं माहेर सुटल्याच्या हुरहुरीचं झालं. गीतकाराचा हात कसबी आहे, यात शंका नाही. पण पाया त्याने घातलेला नाही, हेही तितकंच खरं.

हे गाणं मुंबईला पोहोचलं ते अभिनेते रघुवीर यादव यांच्यामुळे. ते जबलपूरचे, तरुणपणी पारशी नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडलेले, लोकगीतांचा मोठा साठा गळ्यात असलेले. ‘दिल्ली-6’मध्ये त्यांची भूमिका होती आणि त्यांनीच हे गाणं दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या कानावर घातलं. त्याला सिनेमाचा साज चढवण्यात संगीतकार रजत ढोलकिया यांचाही वाटा होता. गाणं गाजल्यावर छत्तीसगडमध्ये आनंद झाला आणि पाठोपाठ नाराजीही उमटली. ज्यांनी ते इतकी वर्षं गायलं, सांभाळलं, त्यांचं नाव कुठेच कसं नाही, हा तिथल्या कलावंतांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

छत्तीसगढी लोकसंगीताला बाहेरच्या जगात नेणारा सगळ्यात मोठा माणूस रायपूरचाच होता: नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर. जन्म 1 सप्टेंबर 1923, शाळा रायपूरची, कॉलेज मात्र नागपूरचं मॉरिस. तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते आणि नागपूर ही राजधानी होती. त्याही आधी, अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या बिंबाजींनी रतनपूरच्या गादीवरून छत्तीसगडचा कारभार पाहिला होता. रायपूरच्या चौबे कॉलनीत आज महाराष्ट्र मंडळ उभं आहे, त्याची मुळं या जुन्या संबंधात आहेत.

लंडनच्या राडा या नाट्यशाळेत शिकून परतलेल्या तन्वीर यांनी 1958 मध्ये एक धाडस केलं. छत्तीसगडचे सहा नाचा कलावंत ते दिल्लीला घेऊन गेले आणि त्यांना संस्कृत नाटकावर बेतलेल्या ‘मिट्टी की गाडी’त उभं केलं. नाचा हा तिथला रात्रभर चालणारा लोकनाट्याचा प्रकार. आपल्या तमाशाचा सख्खा भाऊ म्हणावा असा: पुरुषच बायकांची कामं करणार, विनोदी ‘जोक्कड’ सोंगाड्यासारखा सगळ्यांची फिरकी घेणार, आणि गाण्यावाचून एक पाऊल पुढे पडणार नाही. 1959 मध्ये तन्वीर आणि रंगकर्मी मोनिका मिश्रा यांनी ‘नया थिएटर’ सुरू केलं. पण सुरुवातीची वर्षं अडखळत गेली. हे कलावंत हिंदी संवाद म्हणताना आणि आखून दिलेल्या हालचाली करताना अवघडून जात. आपल्या भाषेत, आपल्या चालीने उभे राहिले की तेच कलावंत रंगमंच पेटवत. तन्वीर यांना हे उमगलं, तेव्हा त्यांनी भाषा बदलली.

1973 मध्ये रायपुरात त्यांनी महिनाभराची नाचा कार्यशाळा घेतली. शंभरावर लोककलावंत जमले. त्यांच्याच पारंपरिक प्रहसनांतून तीन निवडून, गाण्यांनी जोडून, ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ उभं राहिलं. नाटक पूर्ण छत्तीसगढीत होतं, आणि दिल्लीच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी भिलाईच्या मैदानात ‘चरणदास चोर’ आकाराला आलं. 1975 मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर सिनेमा केला, त्यात स्मिता पाटील होत्या. 1982 मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात या नाटकाने फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. मदनलाल, ठाकूरराम, लालूराम, भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर या कलावंतांची नावं तन्वीर यांच्या बरोबरीने घेतली जातात, याचं श्रेय तन्वीर यांनाही आहे. त्यांच्या नाटकात गाणं ज्याने लिहिलं, त्याचं नाव लागत असे. ‘चरणदास चोर’ची गाणी स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम साखेत यांची, हे छापील नाटकातच नोंदवलेलं आहे.

ही सवय पुढे उपयोगी पडली. जून 2009 मध्ये, ‘गेंदा फूल’ देशभर वाजत असताना, भोपाळला तन्वीर गेले. दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट 2010 मध्ये, अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ आला. त्यातला नत्था म्हणजे नया थिएटरचे ओंकारदास माणिकपुरी. आणि त्यात एक गाणं होतं, ‘चोला माटी के राम’. देह मातीचा, त्याचा भरवसा कुणी धरावा, असं सांगणारं. हबीब तन्वीर यांच्या कन्या नगीन तन्वीर यांनी ते गायलं. श्रेयनामावलीत गीतकार म्हणून गंगाराम साखेत यांचं नाव आलं. छत्तीसगढी गाणं छत्तीसगढीच राहिलं, शब्द कुणी बदलले नाहीत, तरी ते देशभर पोहोचलं. लोकगीताला हिंदीचा मुलामा दिल्याशिवाय ते चालत नाही, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

त्याच सिनेमातलं ‘महंगाई डायन’ मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावच्या मंडळीचं. त्यांना आधी मिळाले 1,100 रुपये. गाणं गाजलं, कुजबुज सुरू झाली, आणि मग निर्मात्यांकडून सहा लाख रुपये मिळाले. एकाच गाण्याच्या या दोन किमती पाहिल्या की लोकगीताचं मोल कशावर ठरतं, ते लख्ख दिसतं: कुणी आवाज उठवला की नाही, त्यावर.

मूळ गाण्याचं नाव पुसलं जाण्याची ही तऱ्हा आजची नाही. राज कपूर यांच्या 1973 च्या ‘बॉबी’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं ‘ना मांगूं सोना चांदी’ वाजलं, तेव्हा गोव्यातल्या माणसांनी ते पहिल्याच ओळीला ओळखलं. ती ‘हांव सायबा पलतडी वैतां’ या कोंकणी देखणीची, म्हणजे नाचाच्या गाण्याची, चाल. कार्लुस युजेनियो फेरेरा यांची ही रचना 1895 मध्ये पॅरिसला छापली गेली होती. म्हणजे रचनाकार ठाऊक, छापील पुरावाही हाताशी, तरी बाकी देशाला ते ‘बॉबीचं गाणं’ म्हणूनच माहीत.

कायदा काय म्हणतो? 1957 चा कॉपीराइट कायदा लेखक कोण, या प्रश्नापासून सुरू होतो. गीत आणि संगीत यांवर कर्त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्या निर्मात्याकडे, तोही 60 वर्षं. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला कलावंत म्हणून वेगळा हक्क भारतात 1994 च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे सत्तरच्या दशकात रेडिओसाठी किंवा रंगमंचावर गाणाऱ्या गायिकेच्या हातात त्या वेळी असा कुठलाच हक्क नव्हता. 2012 मध्ये गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं आणि कलावंताला आपलं नाव लागावं हे मागण्याचा अधिकारही. पण यातलं काहीही ‘पारंपरिक’ या एका शब्दापुढे टिकत नाही. गाण्यापुढे तो शब्द लिहिला की ते सगळ्यांचं होतं, आणि मग ज्याच्याकडे स्टुडिओ आहे त्याचं होतं. अनेक गाणी खरोखरच पारंपरिक असतात. पण अनेकदा ‘पारंपरिक’ याचा अर्थ एवढाच असतो, की कुणी विचारायला गेलं नाही.

याचा दाखला योगायोगाने ‘गेंदा फूल’ याच नावाच्या दुसऱ्या गाण्याने दिला. मार्च 2020 मध्ये रॅपर बादशाहचं हे गाणं आलं. त्यात ‘बडोलोकेर बिटी लो’ हे बंगाली गाणं वापरलं होतं, आणि ते पारंपरिक समजून. बंगालमधल्या श्रोत्यांनी लगेच हरकत घेतली. ते गाणं बीरभूम जिल्ह्यातल्या रतन कहार यांनी 1972 मध्ये रचलं होतं, 1976 मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची रेकॉर्ड निघाली होती आणि कहार हयात होते, गरिबीत दिवस काढत होते. बादशाहने त्यांना पाच लाख रुपये पाठवले. 2024 मध्ये रतन कहार यांना पद्मश्री जाहीर झाली. सॉलोमन लिंडा यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या या झुलू गायकाने 1939 मध्ये ‘मबुबे’ गायलं आणि त्याचे हक्क 10 शिलिंगला विकले. अमेरिकेत त्याचं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं, 1961 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढे डिस्नेच्या ‘लायन किंग’मध्ये शिरलं. लिंडा 1962 मध्ये निर्धन अवस्थेत गेले. त्यांच्या मुलींना न्यायालयीन लढाईनंतर 2006 मध्ये तडजोडीचे पैसे मिळाले.

नाव जपलं तर काय होतं, याचं उदाहरण छत्तीसगडमध्येच आहे. ‘अरपा पैरी के धार’ हे गाणं लिहिलं डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांनी. दाऊ महासिंह चंद्राकर यांच्या ‘सोनहा बिहान’ या सत्तरच्या दशकातल्या मंचीय कार्यक्रमातून ते गावोगाव गेलं आणि महासिंहांच्या कन्या ममता चंद्राकर यांच्या आवाजात पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलं. नोव्हेंबर 2019 मध्ये ते छत्तीसगडचं राज्यगीत झालं. वर्मा 1979 मध्येच गेले होते. पण गाण्याबरोबर त्यांचं नाव राहिलं.

रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, भिलाई इथल्या मराठी घरांत त्या काळच्या कॅसेटी, रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी, नाचाच्या कार्यक्रमांच्या पत्रिका अजून असतील. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. कॅसेट संगणकावर उतरवून घ्यावी, आणि आजी-आजोबांना विचारून तिच्या वेष्टणावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी गायलं, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी.