साइट कधी उघडते, कधी नाही? आधी दोष कुठे ते ओळखा

सकाळी चांगली चाललेली आवडीची साइट मगरिबनंतर नुसती गोल गोल फिरत बसते. मग आपण फोनला दोष देतो, नाहीतर कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ‘इथून उघडा’ अशी लिंक दाबतो. नरसी नामदेवच्या पालकांना आम्ही एकच सांगतो: गणित चुकलं तर कुठली पायरी चुकली ते बघतात, वही फाडत नाहीत.

१. दुसऱ्या साइट उघडतात का? एकही उघडत नसेल तर दोष नेटचा. संध्याकाळी एकाच टॉवरवर सगळं गाव असतं, त्यामुळे वेग पडतो. फ्लाइट मोड दहा सेकंद लावून काढा, जागा बदला, फजरनंतर पुन्हा बघा.

२. फक्त हीच अडते? दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून बघा. तिथेही बंद असेल आणि ५०० किंवा ५०३ असा आकडा दिसत असेल, तर दोष बहुधा साइटकडचा. आपण थांबायचं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीत बिघाड झाला, तेव्हा जगभरच्या कितीतरी साइट एकदम अडल्या होत्या.

३. दुसऱ्या सिमवर उघडते, आपल्यावर नाही? साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. ती अडखळली की साइट चालू असूनही सापडत नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. तिथे ‘डीएनएस डॉट गूगल’ इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा.

४. इनकॉग्निटोमध्ये उघडते, एरवी नाही? मग ब्राउझरमध्ये त्या साइटचा साठलेला जुना डेटा पुसा. पुन्हा लॉगिन करावं लागेल, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा.

‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं आलं तर फोनची तारीख-वेळ तपासा. ती बरोबर असूनही इशारा आला तर पासवर्ड टाकू नका.

खरा धोका साइट बंद पडण्यात नाही, आपल्या घाईत आहे. अनोळखी लिंक, फुकटचं व्हीपीएन अ‍ॅप, ओटीपी मागणारं पान, यांपासून लांब राहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

चार दिवस वेळ, सिम आणि स्क्रीनवरचा संदेश वहीत लिहा. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच दोष सापडत नाही. ही नोंद दाखवली तर सांगणाऱ्याचं आणि दुरुस्त करणाऱ्याचं, दोघांचं काम सोपं होतं.