वैमानिकाविना विमान आणि वैमानिक होऊ इच्छिणारी मुले

भारतीय वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ पासून साठ वर्षांहून अधिक काळ या विमानाने देशाची सेवा केली. त्यांपैकी शेकडो विमाने नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली होती, म्हणून महाराष्ट्रालाही त्या निरोपाचे वेगळे अगत्य होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात दुसरेच दृश्य देशाने पाहिले. ८ मेच्या रात्री पश्चिम सीमेवर ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाकिस्तानकडून सोडण्यात आल्याचे भारत सरकारने जाहीर केले. त्यांपैकी एकाही ड्रोनमध्ये माणूस बसलेला नव्हता.

या दोन घटना एकाच वर्षात घडल्यामुळे दहावी-बारावीच्या वर्गांतून एक प्रश्न साहजिकच विचारला जाऊ लागला आहे : यापुढे विमानात वैमानिकच बसणार नसेल, तर वायुदलात वैमानिक होण्याची उमेद कशासाठी बाळगायची? प्रश्न मुलांचा असला, तरी त्याचे उत्तर बहुधा शिक्षकाला, गावच्या सरपंचाला किंवा नात्यातील एखाद्या सरकारी नोकराला द्यावे लागते. उत्तर चुकीचे दिले गेले, तर पंधराव्या वर्षी घेतलेला विषयांचा निर्णय पुढे सहसा बदलता येत नाही.

कारगिलने दिलेला धडा

वैमानिकाविना उडणारे विमान ही काही कालची गोष्ट नव्हे. १९८२ च्या जून महिन्यात लेबननच्या बेका खोऱ्यात इस्रायलने अशी विमाने प्रथम मोठ्या कौशल्याने वापरली. काही विमाने केवळ आमिष म्हणून पुढे पाठवून त्यांनी सीरियाच्या रडारयंत्रणेला जागे केले आणि क्षेपणास्त्रांचे तळ कोठे आहेत हे उघड होताच त्यांवर हल्ला चढविला. आपल्याकडेही बंगळूर येथील वैमानिकी विकास आस्थापनेने ‘लक्ष्य’ नावाचे वैमानिकरहित विमान तयार केले होते. त्याचे काम मात्र नावाप्रमाणेच होते. आपल्याच तोफा आणि क्षेपणास्त्रांना सरावासाठी निशाण पुरविणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते.

अशा विमानांची उणीव खऱ्या अर्थाने जाणवली ती १९९९ च्या कारगिल संघर्षात. शत्रू शिखरांवर नेमका कोठे आणि किती संख्येने बसला आहे, हे जाणून घेण्यासाठी माणसांनाच विमानातून जावे लागत होते. २१ मे रोजी छायाचित्रे घेण्यासाठी गेलेल्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले; त्यातील वैमानिकांनी उरलेल्या एका इंजिनाच्या बळावर ते श्रीनगरला सुखरूप उतरविले. २७ मे रोजी एका मिग-२७ विमानाचे इंजिन बंद पडले आणि बाहेर उडी घेतलेला वैमानिक शत्रूच्या हाती सापडला. आपला सहकारी कोठे उतरला हे पाहण्यासाठी मागे राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यांना वीरमरण आले. दुसऱ्याच दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडून त्यातील चौघेजण कामी आले.

युद्ध संपताच २९ जुलै १९९९ रोजी केंद्र सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली. टेहळणीतील त्रुटी तपासताना उंच पर्वतप्रदेशात उपयोगी पडतील अशा मानवरहित विमानांची गरज समितीने स्पष्टपणे मांडली. इस्रायली बनावटीच्या सर्चर आणि हेरॉन या विमानांचा वापर त्यानंतरच्या काळात वाढत गेला. यंत्र आधी आले आणि मग त्याला काम शोधले, असे येथे झाले नाही. माणसे गमावल्यावर गरज कळली आणि मग यंत्राकडे पाहिले गेले.

विचार करणारी माणसे

या समितीच्या रचनेकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. सुब्रह्मण्यम हे प्रशासकीय सेवेतील अधिकारी होते, ले. जनरल के. के. हजारी हे निवृत्त सेनानी आणि बी. जी. व्हर्गीज हे पत्रकार. संरक्षणनीती ठरविणे हे केवळ गणवेशधाऱ्यांचे काम आहे, हा समज किती अपुरा आहे हे एवढ्यावरूनच दिसून येते.

या विद्येला आपल्या देशात संस्थेचे रूप मिळाले ते १९६५ साली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नवी दिल्ली येथे संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. सुब्रह्मण्यम यांनी दोन वेळा तिचे संचालकपद भूषविले आणि १९८७ ते २००१ या काळात एअर कमोडोर जसजीत सिंग हे संचालक होते. जसजीत सिंग मूळचे लढाऊ वैमानिक; वीरचक्राचे मानकरी. कॉकपिटमधून उतरल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली, हवाई सामर्थ्याचा अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र २००१ साली उभारले आणि पुढे ते पद्मभूषण झाले. उड्डाणाची वर्षे संपली म्हणजे वैमानिकाचे काम संपले असे नव्हे, हे त्यांच्या आयुष्यक्रमाकडे पाहिले म्हणजे पटते. २०२० साली याच संस्थेला गोव्याचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. संस्थेच्या प्रारंभी एक मराठी संरक्षणमंत्री आणि नावात गोव्याचा एक संरक्षणमंत्री, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग बंद नाही. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे. इतिहास, भूगोल आणि राज्यशास्त्र या विषयांकडे ‘गुण मिळविण्याचे विषय’ म्हणून पाहण्याची सवय आपल्या शाळांनी सोडली, तर या क्षेत्राला चांगली माणसे मिळतील.

रिकामी खुर्ची कोठे गेली?

‘मानवरहित’ हा शब्द सोयीचा खरा, पण फसवा आहे. वायुदल स्वतः ‘दूरनियंत्रित विमान’ या अर्थाचा शब्द वापरते आणि तोच वस्तुस्थितीला धरून आहे. विमानातील खुर्ची जमिनीवर आणली गेली, इतकेच. त्या खुर्चीत एकजण विमान चालवितो, शेजारी दुसरा कॅमेरे आणि इतर संवेदक यंत्रे हाताळतो. त्यांच्यामागे आलेली चित्रे पाहून त्यांचा अर्थ लावणारे तज्ज्ञ असतात, आणि देखभाल करणारे तंत्रज्ञ वेगळे. मोठे दूरनियंत्रित विमान एका दिवसाहून अधिक काळ हवेत राहू शकते. माणूस तसा बसू शकत नाही. म्हणून ही माणसे कारखान्याप्रमाणे पाळीपाळीने काम करतात. खुर्ची एकच असली, तरी तिच्यासाठी माणसे अधिक लागतात.

येथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना वर्गात सांगता येईल असे एक उदाहरण आहे. दूरवरच्या विमानाशी संपर्क उपग्रहामार्फत ठेवला जातो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास ७२ हजार किलोमीटरचा प्रवास करतो आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. विमानाने दाखविलेले चित्र परत येण्यास तेवढाच वेळ पुन्हा. म्हणजे चालकाने दांडा हलविला आणि परिणाम डोळ्यांनी पाहिला, यात निदान अर्धा सेकंद जातो. आकाशात उंचावर संथपणे फिरताना या अर्ध्या सेकंदाने फारसे बिघडत नाही. धावपट्टीवर उतरताना मात्र विमान मोडू शकते. त्यामुळे उड्डाण आणि अवतरण ही कामे जवळच्या केंद्रातून किंवा विमानातील स्वयंचलित यंत्रणेकडून करवून घेतली जातात.

मानवरहित म्हणजे अपघातरहित, असाही अर्थ कोणी घेऊ नये. नौदलाने २०२० मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेल्या दोन सी-गार्डियन विमानांपैकी एक सप्टेंबर २०२४ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले. पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, भारताने अमेरिकेकडून त्याच जातीची ३१ विमाने घेण्याचा करार केला. त्यांपैकी १५ नौदलाला आणि प्रत्येकी ८ भूदल व वायुदलाला मिळावयाची आहेत. स्वदेशी ‘तपस’ विमानाला अपेक्षित उंची आणि कालावधी गाठता आला नाही, हेही सांगितले पाहिजे. उलट, लहान आकाराच्या यंत्रांत प्रगती दिसते. नागपूर येथे तयार झालेले ‘नागास्त्र-१’ हे लक्ष्यावर घिरट्या घालून झेप घेणारे अस्त्र पाठीवरून नेता येते, आणि लक्ष्य न सापडल्यास हवाई छत्रीने परतही आणता येते. त्याची पहिली १२० नगे जून २०२४ मध्ये भूदलाला मिळाली.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी, वायुदल दिनी, तत्कालीन वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी अधिकाऱ्यांची नवी ‘शस्त्रप्रणाली शाखा’ निर्माण करण्यात येत असल्याची घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्ष युद्धकार्यासाठी नवी शाखा निघण्याची ही पहिलीच वेळ. चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातील. या शाखेचे विद्यालय १ जुलै २०२४ रोजी हैदराबादमधील बेगमपेठ येथे सुरू झाले. तेथील चार अभ्यासधारांपैकी एक दूरनियंत्रित विमानांसाठीच आहे. ज्या खुर्चीविषयी मुले विचारतात, ती येथे आहे.

दार कोठे उघडते?

वैमानिक होण्याचा सर्वांत परिचित मार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जातो. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० केवळ गणिताचे असतात. अलीकडील जाहिरातींत एका सत्रासाठी वायुदलाच्या १२० जागा असून त्यांपैकी ९२ उड्डाण शाखेच्या आहेत. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. वायुदल आणि नौदलासाठी मात्र बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. पदवीनंतर वायुदलाच्या सामाईक परीक्षेद्वारे उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्यांची पदवी कोणत्याही शाखेची असली तरी चालते, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र या प्रत्येक विषयात किमान ५० टक्के गुण लागतात. ‘गणित अवघड आहे, सोडून दे’ असे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी सहज सांगितले जाते. त्या एका वाक्याने हे दोन्ही मार्ग बंद होतात.

निवड मंडळापुढे उड्डाणक्षमतेची जी संगणकीय चाचणी होते, ती एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास पुन्हा संधी नाही. वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व आढळल्यास उड्डाण शाखा मिळत नाही. बसलेल्या स्थितीतील उंची आणि पायांची लांबीही मोजली जाते, कारण कॉकपिटचे माप ठरलेले असते. डोळ्यांची तपासणी आठवी-नववीतच करवून घेतल्यास पुढची निराशा टळते.

मुलींसाठी प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडले. २०२२ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

गावोगावी आता शेतीवर औषध फवारणारे ड्रोन दिसू लागले आहेत आणि ते चालविण्याचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण, अठरा वर्षांवरील व्यक्तीला मान्यताप्राप्त केंद्रातून मिळते. ते उपयुक्त आहे, त्यावर चरितार्थही चालू शकतो. परंतु त्या प्रमाणपत्राने वायुदलात प्रवेश मिळतो असे कोणी सांगत असेल, तर पालकांनी पैसे भरण्यापूर्वी चौकशी करावी.

महाराष्ट्र शासनाने या तयारीसाठी १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे निघाली. अकरावी-बारावीच्या शिक्षणाबरोबर प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची आणि मुलाखतीची तयारी तेथे करून घेतली जाते. या संस्थांचा अर्ज दहावीच्या निकालानंतर भरावयाचा नसतो. विद्यार्थी दहावीत शिकत असतानाच तो भरावा लागतो, आणि दूरच्या शाळांतील मुलांची संधी बहुधा येथेच हुकते.