लोकसहभाग : आज्ञापालन की निर्णयातील वाटा?

परिसराचे आरोग्य म्हणजे केवळ झाडलोट नव्हे. पाणी, सांडपाणी, कचरा, शौचालये आणि डास यांचा माणसाच्या प्रकृतीशी असलेला सर्व संबंध या संकल्पनेत येतो. संपन्न वसाहतीत सोयींची उणीव पैशाने भरून काढता येते. टँकर मागवता येतो. गरीब वस्तीला हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. म्हणून तेथे लोकसहभागाची अपेक्षा वारंवार व्यक्त होते. परंतु सहभाग म्हणजे नेमके काय? छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) उदाहरणांवरून आपण हे समजून घेऊ.

पाणी आणि डास

या शहराला जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातून पाणी मिळते. तरीही अनेक वसाहतींत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे. त्यामुळे ड्रम, हंडे, टाक्या भरून ठेवणे भाग पडते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, आतून घासून ‘कोरडा दिवस’ पाळण्यास आरोग्य विभाग सांगतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एका घराने हा नियम पाळून भागत नाही, कारण शेजारच्या ड्रममधील डास भिंत ओळखत नाही. संपूर्ण गल्लीने एकत्र यावे लागते. दुसरे असे की, पुढचे पाणी केव्हा येईल याची खात्री नसलेली गृहिणी साठवलेले पाणी ओतून देणार नाही. हे तिचे अज्ञान नव्हे, व्यवहारज्ञान आहे. पाणी सोडण्याचे वेळापत्रक निश्चित असेल आणि कोरडा दिवस त्याच्या आदल्या दिवशी ठेवला असेल, तरच ही सूचना पाळता येईल.

नारेगावचा धडा

शहराचा कचरा दीर्घकाळ नारेगाव येथे टाकला जात होता. दुर्गंधी आणि धूर यांचा त्रास सोसणाऱ्या परिसरातील ग्रामस्थांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या रोखल्या. महानगरपालिका पर्यायी जागा शोधू लागली, तसा तेथेही विरोध झाला. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे नागरिक आणि पोलीस यांच्यात हिंसक संघर्ष उसळला. शहरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचत गेले. पुढे चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी येथे कचरा प्रक्रिया केंद्रे उभी राहिली.

ज्यांच्या दारात कचरा टाकायचा, त्यांना आधी विचारले नाही, तर त्यांचा सहभाग नकाराच्या रूपाने प्रकट होतो, हा या घटनेचा अर्थ आहे. ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. पण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना दिसला, तर कोणती वस्ती तो वेगळा करीत राहील?

जबाबदारीची वाटणी

कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेला प्रकल्प येथे मार्गदर्शक ठरतो. गल्लीतील घरांनी एकत्र येऊन स्वतःच्या खर्चाने घरातील शौचालय आणि गल्लीतील गटार बांधायचे. मुख्य नाले आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया शासनाने करायची, अशी ती विभागणी होती. लोकांचा वाटा ठरला, तसा शासनाचाही ठरला.

आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय नागरी संस्थांच्या कार्यकक्षेत समाविष्ट केले आणि ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. निर्णयात वाटा मागण्यास घटनात्मक आधार आहे, हे विसरू नका.

सारांश

केवळ श्रम मागणारा सहभाग मोहिमेपुरता टिकतो. निर्णय, माहिती आणि जबाबदारी यांत वाटा देणारा सहभाग वस्तीची सवय बनतो.

स्वाध्याय

तुमच्या गल्लीतील आरोग्याचा एक प्रश्न निवडा. रहिवाशांनी काय करावे आणि नगरपालिकेने वा ग्रामपंचायतीने काय करावे, हे दोन स्तंभांत लिहा. कोणता स्तंभ रिकामा राहतो, ते पाहा आणि त्याची कारणे दहा ओळींत मांडा.